जुन्याखाली नवा: सदरलँडच्या किनाऱ्यावरचं भांडण

१८५४ साली स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला, डरनेस गावाजवळच्या चुनखडकात, चार्ल्स पीच नावाच्या कस्टम अधिकाऱ्याला काही जीवाश्म सापडले. झिजलेले, ओळखू येतील-न येतील असे शंख. पीच पेशाने भूवैज्ञानिक नव्हता. आधी तटरक्षक दलात आणि मग कस्टममध्ये, अशी त्याची सगळी नोकरी किनाऱ्यावर गेली आणि खडक-शिंपले धुंडाळायचा नाद त्याला तिथेच लागला. त्या मूठभर शंखांवरून पुढे ब्रिटनमधल्या बड्या भूवैज्ञानिकांची जुंपली, ती पाव शतकाहून जास्त काळ. त्यात एका प्राध्यापकाला हयातीत न्याय मिळाला नाही, दुसऱ्याची प्रकृती ढासळली, आणि निकाल लावणाऱ्या दोघांपैकी एक होता याच पीचचा मुलगा.

भांडणाची सगळी गोम त्या किनाऱ्याच्या रचनेत आहे, म्हणून आधी ती पाहू. केप रॅथपासून दक्षिणेला अलापूलपर्यंतचा हा मुलूख उघडाबोडका. झाडी जवळजवळ नाहीच. सूल्व्हन, क्विनॅग, स्टॅक पॉली असे एकांडे डोंगर, मध्ये पीटची काळी दलदल आणि तळ्यांमागून तळी. पश्चिमेला अगदी समुद्रालगत जो राखाडी, पट्टेदार, गाठाळ खडक दिसतो तो लुईसियन नाइस. हा बुडाचा खडक. त्याचा सर्वांत जुना भाग सुमारे ३०० कोटी वर्षांचा, म्हणजे सह्याद्रीतल्या बेसॉल्टपेक्षा पंचेचाळीस पट म्हातारा. त्यावर टॉरिडोनियन वालुकाश्म, तांबूस-तपकिरी, १०० कोटी वर्षांच्या आसपासचा. नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे हे थर इतक्या काळानंतरही बऱ्याच ठिकाणी जवळजवळ आडवेच आहेत. त्यावर पांढरा क्वॉर्ट्झाइट, ज्यामुळे या डोंगरांचे माथे उन्हात बर्फ पडल्यासारखे चमकतात. मग एक पातळ तपकिरी पट्टा, त्यावर आणखी पातळ असा भरड वालुकाश्म आणि सर्वांत वर डरनेसचा चुनखडक. क्वॉर्ट्झाइटपासून चुनखडकापर्यंतचे हे सगळे थर समुद्रात साचले, साधारण ५४ ते ४७ कोटी वर्षांपूर्वी, आणि ते पूर्वेकडे बेताने कललेले आहेत.

इथपर्यंत कुणाचं काही वाकडं नव्हतं. खालचा आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम सगळीकडे लागू पडत होता. घोडं पेंड खायचं ते याच्यापुढे. चुनखडकाच्या पूर्वेला, त्याच्याच डोक्यावर बसलेला, त्याच्यासारखाच पूर्वेकडे कललेला एक काळपट, अभ्रकाने चकाकणारा, कधीकाळी उष्णता आणि दाबाने पुरता बदलून गेलेला खडक सुरू होतो. याला मोइन शिस्ट म्हणतात. तो पूर्वेकडे मैलोन्‌मैल पसरला आहे. उत्तर हायलँड्सचा मोठा भाग त्याचाच. आता प्रश्न असा, की जीवाश्म टिकून राहिलेल्या चुनखडकावर हा भाजून निघालेला खडक आला कसा?

थोडं विषयांतर करतो. या मुलखात खडक इतके उघडे दिसतात याची कारणं हिमनद्या, वारा, आम्लधर्मी माती अशी सांगता येतात आणि ती खरीही आहेत. पण माणसं का दिसत नाहीत, याचं उत्तर भूविज्ञानात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सदरलँडच्या जमीनदारीने मेंढ्यांच्या कुरणांसाठी हजारो कुळांना आतल्या खोऱ्यांतून हुसकून किनाऱ्यावर आणून टाकलं. चुनखडकावरची जमीन तेवढी हिरवी आणि कसदार. डरनेस, एल्फिन, इंचनडॅम्फ इथली हिरवळ आजही भोवतालच्या तपकिरी पीटमध्ये उठून दिसते. या कथेत पुढे येणाऱ्या आर्चिबाल्ड गीकीने तरुणपणी स्काय बेटावरच्या सुश्निश गावातली कुळं रडत-ओरडत वाट चालताना पाहिली होती, आणि म्हातारपणी आठवणी लिहिताना त्याला ते दृश्य विसरता आलं नव्हतं.

पीचला सापडलेल्या जीवाश्मांची बातमी सर रॉडरिक मर्चिसनकडे गेली. हा गडी मूळचा याच भागातला, रॉसशायरमध्ये जन्मलेला. आधी फौजेत होता, स्पेन-पोर्तुगालच्या लढाईत लढला. मग कोल्ह्यांची शिकार करत बसला, आणि तिशीत पोहोचल्यावर भूविज्ञानाकडे वळला. वेल्सच्या सीमेवरच्या खडकांचा अभ्यास करून त्याने ‘सिल्युरियन’ हा कालखंड मांडला, १८३९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यानंतर त्याला जिकडेतिकडे सिल्युरियनच दिसू लागलं. सेनापतीने मुलूख जिंकत जावा तशी त्याची वृत्ती; रशियापर्यंत जाऊन त्याने आपल्या सिल्युरियनचा झेंडा रोवला. कालखंडाच्या हद्दीवरून जुना मित्र अॅडम सेजविक याच्याशी त्याचं कायमचं फाटलं. १८५५ मध्ये तो ब्रिटनच्या जिऑलॉजिकल सर्व्हेचा प्रमुख झाला. त्याच उन्हाळ्यात तो अॅबरडीनचा प्राध्यापक जेम्स निकोल याला बरोबर घेऊन वायव्य किनाऱ्यावर गेला.

मर्चिसनने काढलेला अर्थ सुटसुटीत होता. डरनेसचे जीवाश्म सिल्युरियनच्या तळाचे. मोइनचे खडक त्या चुनखडकावर, त्याच दिशेला कललेले. तेव्हा मोइन चुनखडकानंतरचे, म्हणजे तेही सिल्युरियनच, फक्त पुढे भाजले गेलेले. एका फटक्यात अर्धा हायलँड्स सिल्युरियनच्या खात्यात जमा! नकाशावर रंग भरायला याहून सोपी गोष्ट कुठली?

निकोल आधी त्याच्याबरोबर होता. पण पुढच्या उन्हाळ्यांमध्ये तो एकटा परत परत तिथे गेला आणि सांध्यावरून पायी चालला. चालता चालता त्याच्या मनात शंका बळावत गेली. मोइनचा खडक खरोखर वर साचलेला असेल तर त्याच्याखाली सगळीकडे एकच थर हवा. पण इथे तो कुठे चुनखडकाला टेकलेला, कुठे क्वॉर्ट्झाइटला, तर कुठे थेट बुडाच्या नाइसला. म्हणजे हा सांधा थर साचून झालेला नाही. इथे खडक तुटलेला आहे. शिवाय खालचे शंख शाबूत राहून वरचाच खडक भाजून निघावा, हेही न पटणारंच. निकोलने म्हटलं, हा विभंग आहे, आणि पूर्वेचा खडक जुना आहे.

१८५९ च्या सप्टेंबरात ब्रिटिश असोसिएशनचं अधिवेशन अॅबरडीनला भरलं, निकोलच्या स्वतःच्या गावात. अध्यक्ष होता राणीचा नवरा, प्रिन्स अल्बर्ट; भूविज्ञान शाखेच्या अध्यक्षस्थानी चार्ल्स लायेल. तिथे मर्चिसन आणि निकोल आमनेसामने आले. एका बाजूला सर्व्हेचा प्रमुख, लंडनच्या सगळ्या संस्थांमध्ये वजन असलेला, राजघराण्यात ऊठबस असलेला माणूस. दुसऱ्या बाजूला मितभाषी प्राध्यापक. मर्चिसनने पाठबळासाठी त्या वर्षी अँड्र्यू रॅम्झीला बरोबर नेऊन खडक दाखवले होते, पुढच्या वर्षी तरुण गीकीला नेलं. दोघंही सर्व्हेचे नोकर. दोघांनाही साहेबांचं म्हणणं पटलं. १८६१ मध्ये मर्चिसन आणि गीकीने मिळून स्कॉटलंडचा नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यात हायलँड्स साहेबांच्या मनासारखे रंगले. त्याच वर्षी निकोलचा सविस्तर निबंधही छापून आला, पण त्याच्यामागे उभं राहायला कुणी नव्हतं.

मर्चिसनला खलनायक करायची माझी इच्छा नाही. लांबून पाहिलं तर त्याचं म्हणणंच खरं वाटतं. तिथे थर खरोखर एकावर एक, एकाच कलाने, शिस्तीत बसलेले दिसतात. जुना खडक मैलोन्‌मैल सरकत येऊन नव्या खडकावर चढतो ही कल्पना तेव्हा बहुतेकांना वेडगळ वाटली असती. त्याचा दोष दुसराच. त्याला उत्तर आधीच हवं होतं आणि ज्यांनी ते तपासायचं ते सगळे त्याच्या हाताखालचे होते. १८७१ मध्ये तो वारला. त्याच्याच देणगीतून एडिनबरा विद्यापीठात भूविज्ञानाचं अध्यासन निघालं, आणि त्यावर पहिला प्राध्यापक म्हणून बसला गीकी. मर्चिसनचं चरित्रही त्यानेच लिहिलं. निकोल १८७९ मध्ये गेला, तोवर क्रमिक पुस्तकांत मर्चिसनचंच म्हणणं शिकवलं जात होतं.

पुढची चाल केली ती विद्यापीठाबाहेरून आलेल्या माणसाने. चार्ल्स लॅपवर्थ हा गॅलशील्समधला शाळामास्तर. दक्षिण स्कॉटलंडच्या टेकड्यांत ग्रॅप्टोलाइट नावाचे, पेन्सिलच्या रेघेसारखे दिसणारे जीवाश्म गोळा करत त्याने वर्षं घालवली होती. त्या बारीक जीवाश्मांवरून त्याने दाखवून दिलं, की तिथे हजारो फूट जाड वाटणारे थर म्हणजे मोजकेच थर घड्या पडून पुन्हा पुन्हा वर आलेले आहेत. सेजविक आणि मर्चिसन यांच्या हद्दीच्या भांडणावरही तोडगा त्यानेच काढला: १८७९ मध्ये दोघांच्या मधला वादग्रस्त भाग काढून घेऊन त्याला ‘ऑर्डोव्हिशियन’ असं नाव दिलं. १८८१ मध्ये तो बर्मिंगहॅमला प्राध्यापक झाला, आणि १८८२ व १८८३ च्या उन्हाळ्यांत डरनेस आणि लॉख एरिबॉलच्या काठावर उतरला.

त्याची पद्धत म्हणजे सहा इंचाला एक मैल या मापाचा नकाशा हातात धरायचा आणि प्रत्येक पट्टा पाऊलभर अंतराने तपासत जायचं. इथे चुनखडकाखालचे ते पातळ थर कामाला आले. क्वॉर्ट्झाइटच्या वरच्या भागाला पाइप रॉक म्हणतात. तो साचत असताना समुद्रतळाच्या वाळूत किडे उभी बिळं करून राहत होते. ती बिळं वाळूने भरली आणि पांढऱ्या दगडात बोटाएवढ्या उभ्या कांड्या होऊन राहिली. एकदा पाहिलेला हा दगड पुन्हा ओळखायला चुकत नाही. लॅपवर्थला एरिबॉलच्या उतारावर पाइप रॉक, तपकिरी पट्टा, भरड वालुकाश्म, मग पुन्हा पाइप रॉक, पुन्हा तपकिरी पट्टा, अशी तीच उतरंड कितीदा तरी भेटली. थर साचताना असं होत नाही. एकच थर चिरफळून त्याचे तुकडे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले होते. कांड्याही साक्ष देत होत्या: सांध्याच्या जवळ जावं तसतशा त्या तिरक्या होत, लांबत, शेवटी दगडाच्या अंगावर आडव्या पसरत. वरून काहीतरी प्रचंड सरकत गेल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं. सांध्यावरचा खडक तर इतका रगडला गेला होता, की त्याचे मूळचे कण उरलेच नव्हते. त्या पिठासारख्या बारीक झालेल्या, पुन्हा घट्ट जमलेल्या पट्टेदार खडकाला लॅपवर्थने १८८५ मध्ये मायलोनाइट हे नाव दिलं, आणि आज जगभर ते चालतं.

१८८३ मध्ये त्याने ‘द सीक्रेट ऑफ द हायलँड्स’ या लेखमालेत आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी तो आजारी पडला. अंथरुणात पडल्या पडल्या मोइनचा तो अवाढव्य खडक आपल्या अंगावरून घरघरत सरकतोय असं त्याला वाटायचं, असं सांगतात. त्याच सुमारास चार्ल्स कॅलवे यानेही वेगळ्या वाटेने जाऊन मर्चिसनचं म्हणणं खोडून काढलं होतं. आता सर्व्हेला गप्प बसणं शक्य नव्हतं.

सर्व्हेचा प्रमुख आता गीकी होता. १८८२ मध्येच त्याला ते पद मिळालं होतं. त्याने आपली सर्वांत चांगली जोडी डरनेस-एरिबॉलला पाठवली, बेन पीच आणि जॉन हॉर्न. बेन पीच म्हणजे त्या कस्टम अधिकाऱ्याचा मुलगा. अंगाने धिप्पाड, हसरा, मासेमारीचा शौकीन. डोंगराकडे पाहून त्याच्या पोटात काय दडलंय ते त्याला दिसायचं आणि तो ते चितारायचा. लिहायला मात्र टाळाटाळ. हॉर्न त्याच्या नेमका उलट: नेटका, तर्कशुद्ध, शब्दावर हुकूमत असलेला. पीचने पाहावं आणि हॉर्नने लिहावं, असा या दोघांचा संसार जन्मभर चालला. गीकीने नंतर लिहिलं, की आधी छापलेल्या कुठल्याही मताकडे कल ठेवू नका असं मी त्यांना बजावलं होतं. त्यात काही खोटं असेल असं मला वाटत नाही. पण मर्चिसनच्या बाजूने निकाल लागला असता तर त्याला आनंदच झाला असता, हेही उघड आहे.

एका हंगामात पीच आणि हॉर्नला कळून चुकलं की लॅपवर्थ बरोबर आहे. १८८४ मध्ये गीकी स्वतः तिथे गेला, त्यांच्याबरोबर खडक पाहिले आणि हार मानली. १३ नोव्हेंबर १८८४ च्या ‘नेचर’मध्ये त्याने तसं जाहीर लिहिलं. पीच आणि हॉर्नचा अहवालही त्याच अंकात आहे. ज्या पृष्ठावरून जुना खडक नव्यावर सरकत आला त्याला गीकीने ‘थ्रस्ट-प्लेन’ म्हटलं. भूविज्ञानातला ‘थ्रस्ट’ हा शब्द तिथून रूढ झाला. आपला गुरू आणि आपण स्वतः, दोघंही चुकलो हे प्रमुखाच्या खुर्चीत बसून छापील लिहिणं सोपं नसतं. तेवढं श्रेय गीकीला द्यायला हवं.

पुढची वीस वर्षं मोजमापाची. पीच आणि हॉर्नबरोबर गन, क्लाऊ, हिंक्समन, कॅडल अशी मंडळी होती. उन्हाळाभर पाऊस, चिखल आणि चावरे मिज नावाचे बारीक किडे सोसत नकाशे भरायचे, हिवाळ्यात एडिनबराला बसून ते पक्के करायचे. हेन्री कॅडल घरच्या जमीनदारीतला माणूस. त्याने १८८७ च्या सुमारास लाकडी पेटीत प्लास्टर ऑफ पॅरिस आणि ओल्या वाळूचे थर भरले आणि स्क्रूने एका बाजूने दाबले. थरांना घड्या पडल्याच नाहीत. ते चिरले आणि चिरलेले तुकडे एकमेकांवर चढत गेले, एरिबॉलच्या उतारावर दिसत होते अगदी तसेच. डोंगर बनताना खडक असाही वागतो, हे पेटीत दाबून दाखवलेलं पाहिल्यावर बोलायला फारसं काही उरलं नाही. १८९१ मध्ये सर्व्हेचा जीवाश्म-संग्राहक आर्थर मॅकॉनॉकी याला त्या पातळ तपकिरी पट्ट्यात ओलेनेलस हा ट्रायलोबाइट, म्हणजे एक नामशेष समुद्री प्राणी, सापडला. ओलेनेलस म्हणजे कॅम्ब्रियनचा, सिल्युरियनच्या बऱ्याच आधीच्या कालखंडाचा, सुरुवातीचा काळ. म्हणजे खालच्या थरांवरचाही सिल्युरियनचा दावा गेला. १९०७ मध्ये या सगळ्या कामाचा ग्रंथ निघाला, सहाशेहून अधिक पानांचा, आणि त्याचं संपादन गीकीने केलं.

पीच आणि हॉर्नच्या हिशोबाने मोइनचा खडक निदान १० मैल पश्चिमेला सरकला होता. आजचे अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत. ही सरकासरकी सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीची, आयापिटस नावाचा महासागर मिटून दोन्ही काठांची भूखंडं एकमेकांवर आदळली तेव्हाची. ओलेनेलस हा अमेरिकेकडचा प्राणी. इंग्लंड-वेल्सच्या जुन्या थरांतले ट्रायलोबाइट वेगळ्या जातीचे. कारण हा किनारा त्या काळी ग्रीनलँड आणि उत्तर अमेरिकेचा भाग होता, आणि खूप नंतर अटलांटिक उघडला तेव्हा त्याचा तुकडा युरोपच्या बाजूला राहून गेला. मोइनचं मूळ वय निघालं ते ९० ते १०० कोटी वर्षांच्या घरातलं, म्हणजे खालच्या चुनखडकाच्या जवळजवळ दुप्पट. योगायोग असा, की १८८४ मध्येच मार्सेल बेरत्राँ या फ्रेंच भूवैज्ञानिकाने स्वित्झर्लंडमधल्या ग्लारूसच्या डोंगरांचा उलगडा याच धर्तीवर, जुना खडक नव्यावर सरकून आला असं मांडून केला, तोही तिथे न जाता, आल्बेर्ट हाइम याने केलेल्या वर्णनांवरून. हाइमला ते पटायला बरीच वर्षं लागली. त्याचाच मुलगा आर्नोल्ड हाइम पुढे ऑगस्ट गान्सरबरोबर १९३६ मध्ये कुमाऊँ हिमालयात आला. भाजून निघालेले जुने खडक कमी भाजलेल्या खडकांवर सरकून बसलेले त्यांना तिथेही दिसले. त्या सांध्याला त्यांनी १९३९ मध्ये मेन सेंट्रल थ्रस्ट असं नाव दिलं. आपले भूवैज्ञानिक आजही तेच नाव वापरतात.

निकोलच्या बाजूने निकाल देताना एक गोष्ट लपवता येत नाही. पूर्वेचा खडक म्हणजे पश्चिमेचाच बुडाचा नाइस, असं त्याला वाटलं होतं. तो वेगळाच, मोइनचा निघाला. विभंग त्याने बराच उभा मानला, तो खरं तर जवळजवळ आडवा आहे. तरी जुनं वर आणि नवं खाली हे ओळखणारा पहिला माणूस तोच, आणि पायी हिंडून ओळखणारा. इंचनडॅम्फजवळ लॉख असिंटच्या काठी १९३० मध्ये उभारलेल्या स्मारकावर नावं आहेत ती पीच आणि हॉर्नची. ती तिथे असायलाच हवीत. निकोलचं नावही त्यांच्या शेजारी असतं तर काही बिघडलं नसतं.

हा सांधा बघायचा असेल तर अलापूलहून ए-८३५ रस्त्याने उत्तरेला साधारण २० किलोमीटरवर नॉकन क्रॅगला थांबा. हा भाग २००४ पासून नॉर्थ वेस्ट हायलँड्स जिओपार्कमध्ये आहे. वाहनतळापासून थोडं चढून गेलं की कड्यात फिकट चुनखडक आणि त्यावर बसलेला काळपट मोइन एकत्र दिसतात. दोन्ही एका हाताने झाकता येतील इतके जवळ. उन्हाळ्यात गेलात तर मिजसाठी मलम न्या. हातोडी मात्र नेऊ नका, तिथे खडक फोडायला मनाई आहे.